काय केलं, काय म्हणाली

दिनकरराव गुरुजींनी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरं शिकवली, आणि त्या चौतीस वर्षांत खेळता खेळता शिकलेलं एकही पोर त्यांनी पाहिलं नव्हतं. खेळताना पोरं पडतात, भांडतात आणि चपला हरवतात, एवढाच त्यांचा अनुभव. त्यामुळे चार वर्षांची नात निकिता अंगणवाडीतून घरी आली आणि "आज काय शिकलीस?" या प्रश्नाला तिनं "आमी खेळलो" हे उत्तर सलग अकराव्या दिवशी दिलं, तेव्हा गुरुजींनी निकाल लावून टाकला. पुढच्या सोमवारपासून पोरगी शाळेची पोरं नेणाऱ्या भुजंगच्या व्हॅनमधून जिंतूरला जाईल. तिथं इंग्रजी शाळा आहे, गळ्यात टाय आहे, रोज गृहपाठ आहे.

हा निकाल रविवारी सकाळी चहाच्या वेळी घरात जाहीर झाला. मुलगा बन्सीधर बोरीच्या कृषी सेवा केंद्रात कामाला होता. तिथं तो दिवसभर खतं-औषधांवर बोलायचा, पण वडिलांपुढं त्याचं तोंड उघडत नसे. बोलली ती सून माधवी. सासऱ्यांना ती रीतीप्रमाणे मामा म्हणायची.

"मामा, व्हॅन सात वाजता येती. पोरगी साडेसातला उठती."

"उठेल. सवय लावायची असते."

"लय ल्हान हाय वो अजून. गाडीतच झोपंल."

"झोपली तरी इंग्रजीत झोपेल," गुरुजी म्हणाले, आणि या वाक्यावर स्वतःच खूश होऊन त्यांनी चहा संपवला.

माधवी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग डोळे पुसून, पदर खोचून थेट सत्यशीलाच्या घरी गेली.

सत्यशीला ही गावच्या अंगणवाडीची सेविका आणि गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी. चौथीच्या प्रगतिपुस्तकावर गुरुजींनी तिला शेरा दिला होता: 'बडबड जास्त. लक्ष कमी.' ते प्रगतिपुस्तक तिनं अजून ट्रंकेत जपून ठेवलं होतं, आणि ज्या बडबडीबद्दल शेरा मिळाला त्याच बडबडीवर आता बावीस पोरं सांभाळत होती. संध्याकाळी ती गुरुजींच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

"नमस्कार, गुरुजी. पोरगी तुमची हाय, कुठंबी न्या. पर न्यायच्या आदी एकदा बगून तर घ्या. उद्यापासून पाच दिस तासभर येऊन बसा. वही मी देते. निकिता काय करती ते लिवा."

"आणि पाच दिवसांत काही शिकताना दिसली नाही तर?"

"तर सोमवारी मी सोता तिला व्हॅनमदी बसवते."

"आणि दिसली तर?"

"तर भुजंगला न्हाई म्हणून तुमी सांगायचं."

दाराआड माधवी कान देऊन उभी होती. गुरुजी आजवर विद्यार्थ्याशी पैज हरले नव्हते, म्हणजे कधी लावलीच नव्हती. त्यांनी वही घेतली.

वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले होते: किती वाजता, काय केलं, काय म्हणाली. शेवटच्या पानावर दोनच प्रश्न: काय शिकली? कुणाकडून शिकली?

"आन् गुरुजी, शेरा लिवायचा न्हाई. चांगलं न्हाई, वाईट न्हाई. दिसलं तेवडंच."

शेऱ्याशिवाय वही म्हणजे गुरुजींना बिनसाखरेचा चहा. पण ते हो म्हणाले.

सोमवारी दहा वाजता धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि खिशाला दोन पेनं लावून गुरुजी अंगणवाडीत पोचले. बसायला त्यांना पोरांचीच लाल प्लास्टिकची खुर्ची मिळाली, कारण दुसरी नव्हतीच. त्या खुर्चीत गुडघे हनुवटीपर्यंत आले. सतरंजीवर निकिता बसली होती आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसला होता बालाजी. त्याला पाहून गुरुजींचं तोंड कडू झालं.

बालाजी हा आबासाहेबांचा नातू. आबासाहेब म्हणजे गुरुजींचे सख्खे चुलतभाऊ, वयानं दोन वर्षांनी लहान, घराला घर लागून, मधे एकच भिंत. या दोन घरांत तीन वर्षं बोलणं बंद होतं. भांडणाचं कारण गावात सगळ्यांना पाठ होतं, कारण गुरुजी ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगत.

आबासाहेबांच्या मुलीचं लग्न मानवतच्या मंगल कार्यालयात होतं. अक्षता पडल्या, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माईकवरून एकेकाचं नाव पुकारून टोपी-टॉवेलचा आहेर सुरू झाला. माईक आबासाहेबांचे साडू परमेश्वर यांच्या हाती. पुढचं गुरुजी हातवारे करून, आवाज काढून सांगत. "व्याह्यांचं नाव झालं. मामांचं झालं. मंडपवाल्याचं झालं. वर लाइट नाही, पंखे बंद, घामाच्या धारा, तरी मी आपला बसलोय पहिल्या रांगेत. मी सख्खा चुलतभाऊ! आणि हा परमेश्वर काय म्हणतो? आता जनरेटरवाल्यांचा सत्कार!" इथं गुरुजी थांबत. पाहुण्यालाही थांबायला लावत. "जनरेटरवाल्याचा! टोपी, टॉवेल, नारळ, टाळ्या! आणि दिनकररावांचं नाव नाही. इतकी बेइज्जती! उठलो, न जेवता निघालो. उपाशी पोटी लाल डब्यात बसून घरी आलो." लाल डबा म्हणजे एसटी. ती गोष्ट इथंच संपत असे, आणि ऐकणारा कपबशी खाली ठेवून "लय वाईट झालं" म्हणत असे. लग्नाच्या वेळी निकिता वर्षाची होती, तिला काही आठवणं शक्य नव्हतं. पण या गोष्टीच्या आजूबाजूला ती रांगली होती, चालायला शिकली होती आणि आता खेळत होती.

तर सोमवार. निकितानं चिंचोके, तुरीचे दाणे आणि जुनी बटणं यांचा ढीग पुढं ओढला. आधी सगळं वेगळं केलं. मग बटणांची ओळ लावली, मोठ्यापासून बारक्यापर्यंत. मग बालाजीला डोळे मिटायला सांगून मधलं एक बटण मुठीत लपवलं आणि म्हणाली, "कोनाची जागा रिकामी हाय, सांग." गुरुजींनी लिहिलं: '१०.१५. बटणे मांडली. वेळ वाया.'

मागून सत्यशीला वाकून पाहत होती. "गुरुजी, शेरा झाला तो."

"वेळ वायाच गेला."

"तुमचा गेला आसंल. खोडा." आणि तिनं माशाच्या आकाराचं निळं खोडरबर पुढं केलं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी गुरुजींनी आपल्याच विद्यार्थिनीसमोर 'वेळ वाया' खोडलं. कागद जरा फाटलासुद्धा.

मंगळवारी चिखलमाती होती. पोळा होऊन महिने लोटले होते, तरी निकितानं बैलच केला. नीट वशिंड, नीट शिंगं, आणि पाय पाच. गुरुजींना राहवलं नाही. निरीक्षकानं बोलायचं नसतं, हा नियम त्यांनी मोडला.

"बैलाला पाय किती असतात?"

"चार."

"मग हा पाचवा कशाला?"

"जीपगाडीला मागं जादाचं चाक असतं ना, तसा." निकितानं मातीचा हात नाकाला पुसला. "ह्याचा एक पाय दुखायलाय."

गुरुजींनी लिहिलं: 'उत्तर असंबद्ध.' मग त्यांनी ते उत्तर पुन्हा वाचलं. बैलाला चार पाय, हे पोरीला माहीत आहे. पाय निकामी होऊ शकतो, हेही माहीत आहे. जीपला जादा चाक कशासाठी असतं ते कळलंय, आणि तो इलाज तिनं बैलाला लावलाय. असंबद्ध कुठं आहे? कुणी न सांगताच त्यांनी खोडरबर मागितलं. घरी जायला उठले तेव्हा लाल खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली, आणि ती मागून सोडवायला मदतनीस लक्ष्मीबाईंना यावं लागलं. बावीस पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बुधवारी चित्रं. निकितानं घर काढलं, आई काढली, बाबा काढले, आणि सगळ्यांपेक्षा मोठे असे आजोबा काढले. आजोबांच्या तोंडाच्या जागी कपाळापासून हनुवटीपर्यंत एक काळं भोक होतं. गुरुजींनी पुन्हा नियम मोडला.

"हे तोंड एवढं उघडं का गं?"

"तुमी बोलायलात."

"काय बोलतोय?"

"लग्नाचं," निकिता म्हणाली आणि भोक अजून काळं करू लागली.

गुरुजींनी ते तसंच लिहून घेतलं. त्यावर काही लिहावंसं त्यांना वाटलं नाही. चित्रातल्या त्या माणसाचे कान काढायचे राहिले होते, तेवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं.

गुरुवारी गुरुजी पावणेदहालाच हजर होते. माधवीनं डबा भरायच्या आत निघाले, म्हणून तिला गालातल्या गालात हसू आलं. त्या दिवशी अंगणात पाण्याचा खेळ होता. निकितानं उंच बाटलीतलं पाणी पसरट पातेल्यात ओतलं. बालाजी ओरडला, "पाणी कमी झालं!" निकितानं पातेल्यात वाकून पाहिलं, बाटली पाहिली, परत पातेलं पाहिलं.

"न्हाई रे. पाणी तेवडंच हाय. हितं ते आडवं झोपलंय."

गुरुजींच्या हातातलं पेन थांबलं. आकारमानाचा धडा त्यांनी चौतीस वर्षं शिकवला होता, छडीसकट शिकवला होता. आठवीत गेलेली पोरंसुद्धा रस्त्यात भेटली तर त्या धड्याचं नाव काढताच पळत. आणि ही चिमुरडी सांगत होती की पाणी आडवं झोपलंय. त्यांना इतका अभिमान वाटला की उठून तिला उचलून घ्यावं. पण खुर्चीनं सोडलं नाही. त्यांनी ते वाक्य वहीत दोनदा लिहिलं.

घरी येताना मात्र त्यांनी वही पहिल्या पानापासून चाळली. पैज हातची चालली होती. त्यात भुजंगचा फोन. "गुरुजी, पोरीसाठी खिडकीची शीट धरून ठिवलीय बरं का." गुरुजींनी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि वही उशीखाली सारली. त्यांना व्हॅनची हौस नव्हती. आपण हरलो असं सुनेसमोर आणि विद्यार्थिनीसमोर म्हणावं लागेल, याची लाज वाटत होती. मग उलटसुलट विचार करताना त्यांना एकदम वाट सापडली. शेवटचं पान! 'कुणाकडून शिकली?' चार दिवसांत कुणी काही शिकवलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. सत्यशीला नुसती बटणं देते, माती देते, पाणी देते आणि बाजूला बसते. शिकवणाराच नाही, तर शिकणं कसलं? तो रकाना कोरा राहणार, आणि कोरा रकाना म्हणजे गुण शून्य. गुरुजींनी दुपारी छान झोप काढली.

शुक्रवारी पालकांची बैठक होती. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे आया-बाप सगळे शेतात, आणि बैठकीला आले ते घरात उरलेले आजे-आज्या. माधवी आपल्या शेतातली वेचणी टाकून आली होती, कारण आज निकाल होता. गुरुजी लाल खुर्चीत बसले होते तेवढ्यात दारातून आबासाहेब आत आले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही एकाच वेळी भिंतीवरच्या तक्त्यातलं वांगं न्याहाळू लागले. आबासाहेबांना जागा मिळाली ती समोरच्या भिंतीशी, दुसऱ्या लाल खुर्चीत. मदतनीस लक्ष्मीबाईंनी ती शेजारच्या शाळेतून मागून आणली होती.

"आज पोरायनी लग्न लावायचं ठरवलंय," सत्यशीलानं सांगितलं. "त्यायचं त्यायनीच ठरवलंय. आपुन वऱ्हाडी. मधी कुणी बोलायचं न्हाई."

नवरी चिंध्यांची होती. नवरा म्हणजे मक्याचं कणीस, त्याला रुमालाचा फेटा. पिवळ्या ज्वारीच्या अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या पोरांनी खाल्ल्या. मग निकितानं खिचडीचा डाव उचलला, तोंडासमोर धरला आणि त्यावर दोनदा टिचकी मारली.

"ह्यालो. ह्यालो. माईक चेक. आता टोपी-टॉवेल!"

गुरुजींनी वही उघडली. १०.४०. डाव घेतला.

"व्याही या!" एक पोर आलं, त्याच्या डोक्यावर वाटी ठेवली, खांद्यावर हातरुमाल टाकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "मामा या! मंडपवाले या!" नावं होत गेली. आवाजाचा चढ, हात उडवणं, मधेच थांबून सगळ्यांकडे पाहणं, सगळं ओळखीचं होतं. आज्या एकमेकींना कोपर मारू लागल्या. गुरुजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण पेन चालूच होतं. दिसलं ते लिहायचं, असं त्यांनी कबूल केलं होतं.

"आता जनरेटरवाल्यांचा सत्कार!" निकितानं ओरडून सांगितलं. मग डाव बालाजीच्या हातात दिला, तरातरा कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून मांडी घातली आणि हाताची घडी घातली.

"तू का गं तिकडं बसायलीस?" एका पोरीनं विचारलं.

"मी दिनकरराव हाय. माजं नाव घेतलं न्हाई. मी जेवनार न्हाई."

अंगणवाडीत हशा उसळला. लक्ष्मीबाई पदर तोंडावर धरून बाहेर पळाल्या. गुरुजींना धरणी दुभंगावी असं वाटलं. चार वर्षांच्या पोरीच्या पाठीत त्यांना स्वतःची पाठ दिसली, तीच ताठ मान आणि तेच फुगलेले गाल. आपण इतके बारके दिसत होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

इथं खेळ संपायला हवा होता. गुरुजींच्या घरातली गोष्ट इथंच संपत असे. पण डाव होता बालाजीच्या हातात, आणि बालाजीच्या घरात दुसरी गोष्ट होती.

"घेतलं होतं!" तो डावात ओरडला. "तुमचं नाव घेतलं होतं! तवाच लाइट गेली, आन् माईक बंद पडला!"

हशा थांबला. निकितानं वळून पाहिलं.

"मग जनरेटर चालू झालं," बालाजी आपल्या आबांसारखा कमरेवर हात ठेवून सांगू लागला, "आन् सगळ्यायनी टाळ्या वाजवल्या. मग परमेश्वरकाकाच्या हातात तुमचाच टॉवेल होता, तो त्यायनी जनरेटरवाल्याला देऊन टाकला. त्यायला वाटलं, तुमचं झालं. आन् तुमी रुसून निघून गेलात!"

गुरुजींचं पेन वहीवर टेकलेलं होतं, आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. लाइट गेली होती. होय, गेली होती. तीन वर्षं ते स्वतःच प्रत्येकाला सांगत आले होते, लाइट नाही, पंखे बंद, घामाच्या धारा. पंखे बंद असले तर माईक कुठून चालू असणार, हा प्रश्न तिसरीतल्या पोरानं विचारला असता. जनरेटरवाल्याचा सत्कार कशासाठी झाला, हेही त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"मग लाइट आल्यावर परत का न्हाई घेतलं?" कोपऱ्यातून निकितानं विचारलं. प्रश्न तिचा स्वतःचा होता.

 बालाजीच्या घरची गोष्टही तिथंच संपत होती. त्यानं डाव खाली केला आणि समोर बसलेल्या आबासाहेबांकडे पाहिलं. "आबा, परत का न्हाई घेतलं?"

आबासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "राहून गेलं, बाळा," ते म्हणाले.  "मंग वाटलं, दादा रागं भरलेत, आता कसं जावं. आन् आज जाऊ, उद्या जाऊ करताना तीन वर्षं झाले."

तीन वर्षांत गुरुजींनी ऐकलेला हा पहिला 'दादा' होता. 

बालाजीला एवढं पुरे झालं. त्यानं डाव पुन्हा तोंडाशी धरला. "दिनकरराव गुरुजी! टोपी-टॉवेल घ्यायला या!" निकिता उठली. दोन पावलं आली आणि अडली. आता काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. तिनं सरळ लाल खुर्चीकडे पाहिलं.

"आजोबा, आता मी काय म्हनू? ह्याच्या फुडचं तुमी सांगितलंच न्हाई."

 माधवी दाराशी पदराचं टोक पिळत उभी होती. चौतीस वर्षांत गुरुजींनी कुठल्याही पोराला उत्तराशिवाय खाली बसवलं नव्हतं, आणि ही तर त्यांच्याच धड्यात अडली होती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"म्हण," ते म्हणाले, "लय भूक लागलीय."

शाळेतली शुद्ध भाषा सुटून तोंडी गावची भाषा कधी आली ते त्यांना कळलंच नाही.

"लय भूक लागलीय!" निकिता ओरडली, डोक्यावर वाटी घेऊन नाचली, आणि पोरांची पंगत सतरंजीवर बसली. लक्ष्मीबाईंनी खरी खिचडी आणली. गुरुजी उठले. खुर्ची बरोबर उठली. ती मागून धरून सोडवायला या वेळी आबासाहेब पुढं झाले, आणि त्यांची खुर्चीही त्यांच्याबरोबर आली. दोन म्हातारे पाठीला लाल खुर्च्या घेऊन एकमेकांना सोडवायला लागले, तेव्हा बावीस पोरं खिचडी विसरून बघत बसली. मग दोघं पंगतीला बसले, मधे निकिता आणि बालाजी.

"तवा मुगाची खिचडी न्हवती, बासुंदी होती," आबासाहेब हळूच म्हणाले.

"माहीत हाय. वास आलता," गुरुजी म्हणाले.

जेवण झाल्यावर सत्यशीलानं हात पुढं केला. "वही द्या, गुरुजी."

"थांब. शेवटचं पान राहिलंय."

गुरुजी ओट्यावर बसून बराच वेळ लिहीत होते. खोडरबर त्यांनी मागितलं नाही. मग वही देऊन, कुणाकडे न पाहता ते घराकडे निघाले. सत्यशीलानं आणि माधवीनं ते पान एकत्रच वाचलं.

'काय शिकली? बटणे लहान-मोठी लावायला शिकली. दुखऱ्या पायाला पर्याय शोधायला शिकली. पाणी आडवे झोपले तरी तेवढेच असते हे शिकली. तसेच रुसून भिंतीकडे तोंड करून बसायला शिकली.

कुणाकडून शिकली? पहिल्या तीन गोष्टी कुणीही शिकवताना दिसले नाही. चौथी माझ्याकडून. मी शिकवली नव्हती. मी पाहुण्यांशी बोलत होतो, ती बाजूला खेळत होती.'

माधवीला रडू आलं आणि हसूही आलं. सत्यशीलानं मात्र पेन काढलं. तिला शेरा लिहायला बंदी नव्हती. पानाच्या खाली तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'लक्ष चांगले. बडबड कमी करावी.' आणि वही माधवीबरोबर गुरुजींकडे परत पाठवली.

शनिवारी संध्याकाळी आबासाहेब टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन भिंतीला वळसा घालून आले. नाव माईकवर नाही तर निदान फोनवर तरी परमेश्वरनंच पुकारावं, असा त्यांचा हट्ट. मानवतला फोन लागला, आवाज मोठा केला, दोन्ही घरची माणसं अंगणात उभी राहिली. "आता आमचे आदरणीय," परमेश्वर म्हणाले, आणि रेंज गेली.  आबासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. गुरुजी आधी खाली बघत राहिले, मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि शेवटी ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नाव पुकारलं ते निकितानं, घरातला डाव आणून.

सोमवारी सकाळी बरोबर सात वाजता भुजंगची व्हॅन दारात येऊन थांबली. त्याला नाही म्हणून सांगायचं गुरुजींना लाजेनं जमलं नव्हतं, रविवारभर फोन हातात घेऊन ठेवून दिला होता. आता ते स्वतः बाहेर आले. डोक्यावर करकरीत नवी टोपी, खांद्यावर घडी न मोडलेला टॉवेल.

"कोनाच्या लग्नाला निगालात, गुरुजी?" भुजंगनं विचारलं आणि हात हॉर्नकडे नेला.

"हॉर्न वाजवू नको रे," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. "पोरगी झोपलीय. ती साडेसातला उठती."